भर दुपारचा हुंकार

भुतं रात्री फिरतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या हिंगणघाटची मे महिन्यातली दुपार पाहिलेली नाही. रात्री उलट सगळा मोहल्ला जागा असतो. अंगणात खाटा पडतात, बाया एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढतात, लेकरं माठाजवळ भांडतात. ओस पडते ती दुपार. ऊन पिवळं राहत नाही, पांढरं होतं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. दारं लोटलेली, घरोघरी कूलर घरघरत असतो, आणि त्या घरघरीखाली दुसरा एखादा आवाज असला, तर तो खरंच आहे की आपल्याच कानातला आहे, हे छातीठोक सांगता येत नाही. आई सांगायची, बाराच्या उन्हात चिंचेखाली जाऊ नये. सरकी काढायच्या कारखान्यात, जिनात, माझ्यासोबत कामाला असलेले म्हातारे सांगायचे, भर दुपारी मागून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये. माणूस असला तर तो दुसऱ्यांदा हाक मारतो.

मी सारा जन्म या गोष्टींना हसत आलो. आता हसत नाही.

यंदा मे लागला आणि भिंतीतून वाचण्याचा आवाज यायला लागला. शेजारचं घर आणि माझं घर, मधली भिंत एकच. वर छपराजवळ हवेसाठी दोन-चार भोकं ठेवलेली आहेत. पलीकडची नवी सून अश्विनी. शाळा अर्धवट टाकून लग्न झालं तिचं, आता रविवारच्या कॉलेजात जाते. जेवणं आटोपली की तिची सासू आडवी होते आणि ही मोठ्यानं वाचत बसते. पहिले काही दिवस ग्रामपंचायत, मग कुठल्याशा राजाची लढाई. मी कान दिला नाही. मग एका दुपारी भोकातून आलं:

“नदीच्या जीवनात तीन अवस्था असतात. तारुण्यावस्था, प्रौढावस्था आणि वृद्धावस्था.”

माझ्या हातातला पाण्याचा गिलास हातातच राहिला. मी चौथीत शाळा सोडली. भूगोल कशाशी खातात ते मला ठाऊक नाही. पण हे वाक्य, आणि याच्या पुढची बरीच वाक्यं, मला माझ्या नावागत पाठ आहेत. एका ठिकाणापर्यंत. त्याच्या पुढं नाहीत.

माझ्या बायकोचं नाव यमुना. ‘होतं’ असं लिहायला पाहिजे, पण नाव काही मरत नाही.

आमच्या घरामागंच कॉलेज. मधे तारेचं कुंपण, आणि कुंपणाला एके ठिकाणी भगदाड. आमची बकरी त्या भगदाडातून रोज आत घुसायची आणि यमुना तिच्यामागं धावायची. म्हणायची, “ह्या बकरीले कॉलेजात फुकट अ‍ॅडमिशन हाय, अन् मले तिले हाकलाले जा लागते.” वर्षानुवर्षं तिनं कॉलेज पाहिलं ते असं, मागच्या बाजूनं. वर्गांच्या मागच्या खिडक्या, खिडकीतून बाहेर पडणारा खडूचा भुगा, आणि आत शिकवणाऱ्या सरांचा अर्धा-मुर्धा आवाज. जिनातून उडालेले कापसाचे पुंजके त्या तारेला अडकलेले असायचे. ते काढता काढता ती उभी राहायची. मला वाटायचं पुंजके काढते आहे.

तिला सातवीनंतर शाळेतून काढलं होतं. आमच्या दोन्ही पोरींची लग्नं झाली, बकरी गेली, सासूच्या औषधाची वेळ सोडली तर घरात घाई उरली नाही. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. एका सकाळी भाकर थापता थापता ती म्हणाली, “अजी, मी कॉलेजात जातो म्हनतो.” आमच्याकडं बाया अशाच बोलतात. जातो, येतो, करतो.

मी म्हटलं, “बकरी तं राह्यली नाई ना वो आता.”

तिनं भाकर परतली. “पुढच्या दारानं जातो म्हनतो.”

रविवारचं कॉलेज म्हणजे बाकीच्या दिवशी पोरं शिकतात त्याच वर्गांत रविवारी मोठी माणसं बसतात. ज्यांची दहावी-बारावी झाली नाही त्यांनी आधी पूर्वतयारीची परीक्षा द्यायची, ती निघाली की बी. ए.ला बसायचं. पाया नसलेल्या घराला आधी पाया भरून देतात, तसं ते. तिच्या वर्गात एक होमगार्ड होता, एक शिंपी, दोन अंगणवाडीच्या बाया, एक पोलिसाची बायको. भगदाडातून गेलं तर वर्ग चार पावलांवर. पण यमुना एकदाही तिथून गेली नाही. धुतलेलं लुगडं नेसून, उन्हाची, अख्खा रस्ता वळसा घालून पुढच्या फाटकानं जायची. मी पाण्याची बाटली घेऊन मागून. फाटकाजवळ कडुनिंब आहे, त्याखाली मी बसायचो.

भूगोलाचे सर तरणेच होते. पहिल्या दिवशी म्हणाले, “मावशी, तुम्ही पुढं बसा.”

ही म्हणाली, “मावशी घरी, सर. इथं हजेरीत नाव हाय ना माह्यं?”

सरांनी नाव घेतलं. तिनं ‘हाजर’ म्हटलेलं मला बाहेर निंबाखाली ऐकू आलं. लग्नात उखाणा घेतानासुद्धा ती एवढ्या मोठ्यानं बोलली नव्हती.

पूर्वतयारीची परीक्षा निघाली. बी. ए.चं पहिलं वर्ष लागलं. आणि मे आला.

मे म्हणजे पोरांना सुट्टी आणि या मोठ्या विद्यार्थ्यांची परीक्षा. आमच्याकडं मे म्हणजे कुरडयांचाही महिना. गव्हाचा चीक शिजतो त्याचा आंबूस वास घरभर, खाटेवर जुनं लुगडं अंथरलेलं, त्यावर पांढऱ्या कुरडयांच्या ओळी. यमुना खांबाला टेकून सोऱ्या दाबत बसायची आणि समोर वरवंट्याला टेकवून पुस्तक उघडं ठेवायची. हात चिकानं भरलेले, पान उलटायचं झालं की म्हणायची, “अजी, पान.” मी पान उलटायचो. कापसाचा हंगाम संपलेला असायचा, जिन बंद, मी घरीच.

तिची वाचायची एक रीत होती. दोन वाक्यं वाचायची, पुस्तकावरून नजर काढायची आणि तीच वाक्यं मला सांगायची. मला म्हणजे भिंतीलाच. मला त्यातलं काय कळणार? पण तिची एक अट होती. “तुमी फकस्त हूं म्हनत जा.”

कहाणी सांगणाऱ्याला हुंकारा लागतो, हे आमच्याकडं लेकरालाही माहीत आहे. ऐकणारा हूं म्हणतो तोवर सांगणारा सांगतो. हूं थांबला की समजायचं, ऐकणारा झोपला. कहाणी तिथंच ठेवायची. मात्र अर्धी कहाणी ठेवून सांगणाऱ्यानं उठून जायचं नसतं. पुरी झाल्यावरच उठायचं.

आई तेव्हा होती. ओसरीवरून ओरडायची, “अवो, दिवसा कहानी सांगू नोका! वाटसरू वाट भुलते!”

“कहानी नोय, आत्याबाई. भूगोल हाय.”

“भूगोल म्हनजे?”

“नदी कुठून निंगते, कुठं जाते, ते.”

“मंग कहानीच झाली ते,” आई म्हणायची.

तर त्या मे महिन्यात आमच्या घरी नदी वाहत होती. तरुणपणी नदी डोंगरातून येते, उड्या मारते, दगड फोडते, खोल दरी करते. “हूं.” प्रौढपणी ती मैदानात उतरते, पात्र रुंद होतं, वळणं घेत चालते. “हूं.” यमुना म्हणायची, “माह्यं हे चालू हाय, वळनं घेनं.” मी म्हणायचो, “अन् माह्यं?” “तुमी कुठंचे नदी? तुमी तं बंधारा.” आणि स्वतःच हसायची, हसली की सोऱ्यातून कुरडई वाकडी पडायची.

वृद्धावस्थेचा परिच्छेद तिनं सर्वांत शेवटी काढला. “वृद्धावस्थेत नदीचा उतार संपत येतो. तिचा वेग मंदावतो. आणि मग ती…”

तिथं पान संपलं आणि ती थांबली. मी हूं म्हटलं. ती म्हणाली, “पुढचं उद्या सांगतो, अजी. अंगात कसंसंच होऊन राह्यलं.”

मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. डोळे पिवळे होते. मान कायम पुस्तकावर नाहीतर सोऱ्यावर, म्हणून आधी ध्यानात आलं नव्हतं.

कावीळ होती. पुढचं उद्या आलं नाही. पेपर लागायच्या आत ती गेली. याहून जास्त त्याबद्दल मला लिहायचं नाही.

आमच्याकडं माणूस गेलं की जिथं जीव गेला तिथं दिवा ठेवतात. बाजूला जमिनीवर पीठ पसरतात, वर टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलायची. पिठावर जी खूण उमटली असेल तिच्यावरून जाणत्या बाया सांगतात, गेलेलं माणूस कोणत्या जन्माला गेलं. चिमणीचं पाऊल, वासराचा खूर, लेकराची बोटं. खूण असतेच. मुंगी चालते, वाऱ्यानं पीठ सरकतं, काहीतरी होतंच. ज्याला जे पाहायचं ते दिसतं.

यमुनाच्या टोपलीखाली काही नव्हतं. पीठ चाळणीतून आत्ताच पडावं तसं सपाट. बाया वाकल्या, डोळे बारीक केले, पदर सावरून पुन्हा वाकल्या. “मुंगी तं फिरते बाई,” एक म्हणाली. दुसरी हळूच बोलली, पण मला ऐकू गेलं. “गेलीच नाई वो ते. इथंच हाय.”

पोरी रडायला लागल्या. मला मात्र बरं वाटलं. लोकांना आवडणार नाही हे, पण वाटलं ते वाटलं. मनात म्हटलं, जाईल कशी? कहाणी अर्धी आहे.

पेपरच्या दिवशी मी उठलो, आंघोळ केली, पाण्याची बाटली भरली, तिचा चष्मा धोतराला पुसून खिशात ठेवला आणि वळसा घालून फाटकाशी गेलो. निंबाखाली बसलो. बसल्यावर बाटलीकडं लक्ष गेलं आणि मग कळलं की मी एकटाच आलो आहे. लोक म्हणतील डोकं फिरलं. डोकं जागेवर होतं. पायांना कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

मे महिन्यातलं कॉलेज ज्यानं पाहिलं नाही त्याला नाही कळायचं. सायकली नाहीत, हसणं-खिदळणं नाही. लांब व्हरांडा, त्यात गरम हवा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाते आणि जाता जाता दारांच्या कड्या वाजवते. एकाच वर्गात माणसं. मी उठलो आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. बाकांवर खडूनं नंबर टाकलेले. तिच्या बाकावरही. त्यावर प्रश्नपत्रिका ठेवलेली, उडू नये म्हणून वर एक दगड. आमच्या अंगणातला असावा तसा दगड.

सर हजेरी घेत होते. तिचं नाव आलं. सर थोडं थांबले, त्यांना बहुतेक कुणी सांगितलं नव्हतं. वर्गात कुणी बोललं नाही. हे मी शपथेवर सांगतो, कुणीच बोललं नाही. पण पुढच्या बाकावरच्या होमगार्डनं मान वळवून तिच्या जागेकडं पाहिलं, कुणी बोलल्यावर आपण पाहतो तसं. आणि सरांनी कागदावर काहीतरी लिहून पुढचं नाव घेतलं.

मग लाइट गेली. डोक्यावरचे पंखे फिरत फिरत थांबले. सगळ्यांचे कागद निपचित पडले. तिच्या बाकावरच्या प्रश्नपत्रिकेचं पान दगडाखालून सुटलं आणि उलटलं. घाई नाही, सावकाश. वाचून झाल्यावर उलटतात तसं.

सर खिडकीशी आले. म्हणाले, “काका, यमुनाबाई आल्या नाहीत का?”

“आली हाय,” मी म्हटलं. आणि बाटली तिथंच खिडकीत ठेवून निघून आलो. येताना भगदाडातून आलो.

तेव्हापासून दर मे महिन्यात हेच. आई गेली, जिन सुटली, केस गेले, पण मे काही चुकला नाही. जेवण होतं, मी कूलरसमोर आडवा होतो, पाण्यात भिजलेल्या वाळ्याचा वास येतो, आणि घरघरीच्या खालून ते सुरू होतं. तीन अवस्था असतात. दरी. वळणं. उतार संपत येतो. वेग मंदावतो. आणि मग ती… तिथं थांबतं. संपत नाही, थांबतं. वाट पाहिल्यासारखं.

पोरींना सांगितलं तर मोठी म्हणाली, “बाबा, कूलरचं बेअरिंग गेलं असन.” जावयानं येऊन बेअरिंग बदललं. आता वाक्य आणखी स्वच्छ ऐकू येतं.

मी हूं म्हणत नाही. पहिल्या हाकेला ओ देऊ नये ही एक गोष्ट. दुसरी खरी गोष्ट अशी, की हूं म्हटलं तर ती पुढचं सांगेल, आणि पुढचं सांगून झालं की उठेल. अर्धं आहे तोवर आहे. यासाठी मी पुढचं वाक्य कुणाला विचारलं नाही. दोन्ही पोरी शिकलेल्या आहेत, एका फोनमध्ये सांगितलं असतं. तिचं पुस्तक फळीवर आहे, मी ते पान उलटलं नाही. यमुनाला पाहिजे तेव्हा पान उलटायला मी बसलेलो असायचो. हे एक नाही उलटलं.

आणि आता ही अश्विनी. पुस्तकाचं कव्हर बदललं म्हणे, नदी तीच. पहिल्या दिवशी ती वळणांपर्यंत आली आणि तिच्या सासूनं चहा टाकायला उठवलं. माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ताक घेऊन दारात आली. हसरी पोर आहे. म्हणाली, “काकाजी, तुमी भिंतीपलीकडून हूं म्हनता ना, मले लय बरं लागते. नाईतं वाचता वाचता झोपच येते.”

“मी कवा म्हटलं वो?”

“घ्या! रोज तं म्हनता. दोन वाक्यं झाले का हूं, दोन वाक्यं झाले का हूं.” मग तोंडावर पदर धरून म्हणाली, “आत्याबाई म्हनते, काकाजीचा आवाज म्हातारपनी बायावानी बारीक झाला.”

ताकाचं भांडं मी दोन्ही हातांनी धरलं. “ते नदीचं नोको वाचजो आज,” मी म्हटलं.

“काऊन? हमखास येनारा प्रश्न हाय तो. उद्या पेपर हाय, काकाजी. मले नापास करता का?”

तिच्या हातावर बांगड्यांच्या वर निळ्या शाईनं काहीतरी टिपलेलं होतं. यमुनाही टिपायची, चीक लागून पुसलं जायचं. मी म्हटलं, “नाई पोरी. वाच. जोरानं वाच.”

ती गेल्यावर मी बराच वेळ खांबाकडं पाहत बसलो. इतकी वर्षं मी काय धरून बसलो होतो? मला वाटत होतं ती सांगते आहे आणि मी तिला थांबवून ठेवलं आहे. पण हूं तर ऐकणारा म्हणतो. पुढचं तिलाही ठाऊक नव्हतं. ती जिथं थांबली तिथून पुढचं तिनं कधी वाचलंच नव्हतं. पुढच्या दारानं कॉलेजात गेलेली बाई, आणि तिला मी अर्ध्या उत्तरावर घरी बसवून ठेवलेली. माझ्या सोबतीसाठी.

दुपार झाली. ऊन पांढरं झालं. मी जेवलो नाही. कूलर बंद केला. घाम कानामागून गळत होता. खाट सोडून मी जमिनीवर बसलो, खांबाच्या समोर, जिथं पान उलटायला बसायचो तिथं.

पलीकडं अश्विनीनं घसा साफ केला. “नदीच्या जीवनात तीन अवस्था असतात.”

“हूं.”

आवाज खांबापासून आला. लांबून नाही, माझ्या हाताच्या अंतरावरून. मी मान वर केली नाही. आंबूस वास आला, गव्हाच्या चिकाचा. घरात या साली कुरडया झालेल्या नाहीत.

दरी झाली. “हूं.” मैदान झालं, वळणं झाली. “हूं.” त्या हूंमध्ये हसू होतं थोडं, बंधाऱ्याची आठवण झाल्यासारखं. “वृद्धावस्थेत नदीचा उतार संपत येतो. तिचा वेग मंदावतो.” “हूं.” हा जरा घाईचा. पुढं सांग, असा.

“आणि मग ती,” अश्विनीनं वाचलं, “इतक्या दुरून वाहून आणलेला सगळा गाळ मुखाजवळ खाली ठेवते. त्या गाळातून सुपीक जमीन तयार होते.”

मी वाट पाहिली.

खांबाजवळून काही आलं नाही. वास गेला. कूलर बंद होता, त्यामुळं बेअरिंगलाही बोल लावता येणार नव्हता. मोठ्या रस्त्यावरून एक ट्रक गेला तेवढाच आवाज. मी मान वर केली. खांब होता, खांबाला वर्षानुवर्षं पाठ टेकून पडलेला तेलकट डाग होता. ओसरीत ऊन शिरलं होतं, आणि ती जागा नुसती जागा होती.

पलीकडं अश्विनीही थांबली होती. थोड्या वेळानं भोकातून हाक आली, “काकाजी? झोपले का?”

मी उत्तर दिलं नाही.

“काकाजी, हूं म्हना ना. पुढचा प्रश्न घ्याचा हाय.”

ही दुसरी हाक होती. मी फळीवरचं पुस्तक काढलं, मांडीवर घेतलं आणि ते पान उलटलं. अक्षरं बारीक होती, मला काही लागली नाहीत.

“हूं,” मी म्हटलं.

“हां, आज कसा जाडा आला आवाज!” अश्विनी भिंतीपलीकडं हसली, आणि वाचायला लागली.